लुई ब्रँडाइस, १९१६ : पदासाठी सुचवलेल्या माणसाची बाजू कशी मांडावी

इंद्रायणी

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २८ जानेवारी १९१६ ला सर्वोच्च न्यायालयातल्या रिकाम्या जागेसाठी बॉस्टनचे वकील लुई ब्रँडाइस यांचं नाव सिनेटकडे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाकडे, पाठवलं. मंजुरी मिळाली १ जूनला. मधल्या चार महिन्यांत या माणसाच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या वकिलीतला कागद न् कागद उसवून पाहिला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी उघड सुनावणी तिथे पहिल्यांदाच होत होती. साक्षीपुराव्यांचं बाड दीड हजार पानांच्या वर गेलं.

धागा काढण्याचं कारण सांगते. आपल्याकडे एखाद्या नेमणुकीवरून वाद झाला की दोनच सूर कानावर येतात. एक म्हणतो, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. दुसरा म्हणतो, एवढ्या मोठ्या माणसावर संशय घेताच कसा? मला दोन्ही सारखेच घातक वाटतात. पहिल्यात आरोप हाच पुरावा ठरतो, दुसऱ्यात मोठेपणा हाच पुरावा ठरतो. ब्रँडाइस यांच्या बाजूच्या लोकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी प्रत्येक आरोपाची फाइल काढली, तारखा लावल्या आणि समितीपुढे ठेवल्या. एखाद्याच्या नावासाठी उभं राहायचं तर असं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी हे गृहस्थ कोण ते थोडक्यात. जन्म १८५६ चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. आईवडील प्रागहून आलेले ज्यू. हार्वर्डमधून कायदा शिकून बॉस्टनला वकिली सुरू केली, ती उत्तम चालली आणि पैसा मिळाला. पुढे सार्वजनिक कामं ते फी न घेता करू लागले, इतकंच नाही तर त्या कामात जाणाऱ्या वेळाची भरपाई स्वतःच्याच फर्मला खिशातून देऊ लागले. मोठ्या विमा कंपन्या कामगारांकडून आठवड्याच्या हप्त्याने पैसे गोळा करत आणि हप्ता चुकला की पॉलिसी बुडे. यावर त्यांनी बचत बँकांमार्फत स्वस्त विमा विकण्याची योजना आखली आणि १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा करून घेतला. १९०८ मध्ये ओरेगनमधल्या धुलाईकामगार बायकांच्या दहा तासांच्या कायद्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शंभराहून जास्त पानांच्या निवेदनात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सगळी आरोग्याची आणि कारखाना निरीक्षकांची माहिती. न्यू हेवन रेल्वे न्यू इंग्लंडमधली सगळी वाहतूक गिळायला निघाली होती, पाठीशी बडे बँकर जे. पी. मॉर्गन. ही कंपनी आतून पोकळ आहे असं ब्रँडाइस वर्षानुवर्षं आकडे मांडून सांगत राहिले. १९१३ च्या अखेरीला तिला लाभांश बंद करावा लागला.

आता बघा, विमावाले, रेल्वेवाले, बँकवाले. बॉस्टनच्या ज्या घरांत हे भांडवल होतं त्या घरांतले लोक एकमेकांचे सोयरे होते, एकाच क्लबात जेवत होते. या माणसाचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी आल्यावर काय झालं असेल याची कल्पना येते.

सुनावणी ९ फेब्रुवारीला सुरू झाली. सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या उपसमितीपुढे ती चालली, तिचे अध्यक्ष वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर चिल्टन. पहिले साक्षीदार आयोवाच्या रेल्वे आयोगाचे क्लिफर्ड थॉर्न. म्हणजे हल्ला आला तो भांडवलदारांकडून नव्हे, रेल्वेविरुद्ध लढणाऱ्यांकडून! रेल्वेच्या दरवाढीच्या सुनावणीत ब्रँडाइस यांनी आमचा विश्वासघात केला, पूर्वेकडच्या रेल्वेंचं उत्पन्न अपुरं आहे हे परस्पर कबूल करून टाकलं, असं त्यांचं म्हणणं. उत्तर कागदावरच होतं. ब्रँडाइस यांना त्या कामी केंद्रीय वाणिज्य आयोगाने नेमलं होतं, ते सगळ्या बाजू आयोगापुढे याव्यात म्हणून. ते थॉर्न यांचे वकील नव्हतेच.

सगळ्यात अवघड आरोप लेनॉक्स प्रकरणाचा होता. १९०७ मध्ये चामड्याचा कारखाना चालवणारे लेनॉक्स पितापुत्र कर्जात बुडाले. मुलगा जेम्स सावकारांच्या वकिलासह ब्रँडाइस यांच्याकडे आला. सगळी मालमत्ता सावकारांच्या हितासाठी एका विश्वस्ताकडे सोपवा, असा सल्ला त्यांनी दिला आणि विश्वस्त म्हणून त्यांचेच भागीदार नटर नेमले गेले. पुढे बिनसलं. याच फर्मने पावलं उचलली आणि लेनॉक्स दिवाळखोरीत गेले. जेम्सचं म्हणणं, मी यांना माझे वकील समजत होतो. तो दुसऱ्या वकिलाकडे, शर्मन व्हिपल यांच्याकडे गेला. व्हिपल यांनी जाब विचारला, तेव्हा मी कुणा एकाचा नव्हे तर त्या सगळ्या परिस्थितीचा वकील होतो, अशा अर्थाचं उत्तर ब्रँडाइस यांनी दिलं.

हे व्हिपल समितीपुढे साक्षीला आले. विरोधात बोलण्याची आयती संधी होती. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, आणि ब्रँडाइस यांच्या हेतूत खोट होती असं मात्र म्हटलं नाही. प्रश्न सोडवण्यात ते इतके गुंतले की समोरच्या माणसाला स्वतःसाठी सल्ला हवा आहे याकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही, असा त्यांचा सूर होता. माझ्या मते सबंध सुनावणीतली सर्वांत मोलाची साक्ष हीच. जेम्स लेनॉक्सला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं होतं, हे मलाही वाटतं. पण ती उणीव आणि अप्रामाणिकपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक समितीला दिसला, तो व्हिपल यांनी काही लपवलं नाही म्हणून.

या काळात ब्रँडाइस स्वतः काय करत होते? बॉस्टनमध्ये बसले होते. सुचवलेल्या माणसाने समितीपुढे यायची तेव्हा रीत नव्हती, वर्तमानपत्रांशी ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे भागीदार एडवर्ड मॅक्लेनन वॉशिंग्टनला मुक्काम ठोकून होते. ब्रँडाइस त्यांना पत्रांमागून पत्रं पाठवत होते, या खटल्यात कोण कुणाचा वकील होता, अमुक पत्र कुठल्या फाइलमध्ये सापडेल. मॅक्लेनन यांनी समितीपुढे बसून प्रत्येक प्रकरण उलगडलं. भाषणं नाहीत, गुणगान नाही. या मॅक्लेनन यांचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कोकणकडा

धागा आवडला, पण एक मोठी शंका आहे. विरोधकांना तुम्ही फार सहज निकालात काढलंय. अमेरिकेचे माजी अध्यक्ष टाफ्ट, एलिहू रूट, जोसेफ चोट, मूरफील्ड स्टोरी, हे सगळे अमेरिकन बार असोसिएशनचे, म्हणजे तिथल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचे, माजी अध्यक्ष. त्यांनी मार्चमध्ये लेखी कळवलं की हा माणूस या न्यायालयासाठी योग्य नाही. हार्वर्डचे अध्यक्ष लोएल यांच्यासह बॉस्टनच्या ५५ जणांचा विरोधाचा अर्ज होता. यातले स्टोरी तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचे पहिले अध्यक्ष. त्यांना भांडवलदारांचा हस्तक म्हणून कसं चालेल?

दुसरं असं की ब्रँडाइस यांच्या ऑफिसमधून त्या ५५ जणांचा एक तक्ता तयार झाला होता. कोण कुठल्या बँकेत, कोण कुठल्या क्लबात, कोण कुणाचा नातलग. ही पण चिखलफेकच झाली की. आरोपाला उत्तर द्यायचं सोडून आरोप करणाऱ्याची कुंडली मांडायची!

इंद्रायणी

कोकणकडा, स्टोरींबद्दल तुम्ही म्हणता ते योग्य आहे. ते भले गृहस्थ होते आणि तरीही त्यांनी जी साक्ष दिली ती मला मान्य नाही. का ते सांगते. बॉस्टनच्या बऱ्याच वकिलांनी साक्ष दिली ती 'वकीलवर्गात यांचं नाव कसं आहे' याबद्दल. हुशार आहेत, पण भरवशाचे नाहीत असं लोक म्हणतात, इतकंच. कुठल्या प्रकरणात काय केलं, असं विचारलं की गाडी अडे. स्वतः अनुभव आलाय का, तर नाही. एखाद्याचं नाव खराब आहे याचा पुरावा काय, तर चार लोक खराब म्हणतात. आणि ते चार लोक कशाच्या आधारावर म्हणतात, तर बाकीच्या चौघांच्या. या फेऱ्यातून कुणाचीही सुटका होणार नाही, मग तो कितीही स्वच्छ असो. उलट थॉर्न आणि व्हिपल प्रसंग घेऊन आले. ब्रँडाइस यांच्या विरोधातली थॉर्न यांची साक्ष मला स्टोरींच्या साक्षीपेक्षा जास्त आदरणीय वाटते, कारण तिला उत्तर देता येतं.

तक्त्याबद्दल: नुसता तक्ता काढून गप्प बसले असते तर तुमचं म्हणणं बिनतोड होतं. पण मॅक्लेनन यांनी आरोपांची उत्तरं आधी स्वतंत्रपणे दिली होती. ५५ जण म्हणजे सगळं बॉस्टन, असा त्या अर्जाचा दावा होता, आणि दावाच संख्येचा असेल तर ती माणसं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे दाखवणं गैर नाही. शिवाय हार्वर्डच्याच कायदा विभागातल्या ११ पैकी ९ प्राध्यापकांनी ब्रँडाइस यांना पाठिंबा दिला. लोएल यांच्या आधी ४० वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष असलेले चार्ल्स एलियट यांनी मे महिन्यात समितीला पत्र लिहून पाठिंबा दिला. वय ८२.

आणि एक गोष्ट उघडपणे कुणी बोलत नव्हतं. ब्रँडाइस ज्यू होते आणि त्या न्यायालयात तोवर एकही ज्यू बसला नव्हता. न बोललेल्या आरोपाला फाइल काढून उत्तर देता येत नाही. तिथे मॅक्लेननही हतबल होते.

नाना_वकील

उत्तम विषय. मी तालुका न्यायालयात आयुष्य काढलं, सिनेटशी आपला काय संबंध, पण हे वाचताना आपल्याकडची दोन प्रकरणं डोळ्यापुढून हलेनात.

एक २०१४ चं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे न्यायाधीशपदासाठी नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, चार नावं पाठवली. केंद्र सरकारने गोपाल सुब्रमण्यम यांचं नाव वेगळं काढून बाकी तिघांचं पुढे नेलं. तोवर गुप्तचर अहवालातल्या म्हणून काही गोष्टी वर्तमानपत्रांत येऊन गेल्या होत्या. सुब्रमण्यम यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून माघार घेतली. नंतर सरन्यायाधीश लोढांनी जाहीरपणे सांगितलं की नाव वेगळं काढलं ते एकतर्फी, मला न कळवता. पण तोपर्यंत उशीर झाला होता. इंद्रायणीताई, तुमच्या मॅक्लेननना निदान बसायला खुर्ची होती. इथे सुब्रमण्यम यांची फाइल घेऊन कुणी जायचं म्हटलं तर कुठे जाणार? समितीच नाही.

दुसरं आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं. सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुचवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने फेरविचाराला परत पाठवलं, कारण काय, तर समाजमाध्यमांवर त्यांनी न्यायालयापुढे असलेल्या विषयांवर मतं मांडली. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने ते नाव पुन्हा पाठवलं आणि मुख्य म्हणजे सरकारचा आक्षेप काय आणि आपलं उत्तर काय, हे दोन्ही जाहीर केलं. मत मांडलं म्हणून कुणी अपात्र ठरत नाही, लायकी आणि सचोटी आहे की नाही ते बघा, आणि एखाद्या राजकीय पक्षाशी लागेबांधे असल्याचं दाखवणारं काही पुढे आलेलं नाही, असं ते उत्तर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुंदरेसन न्यायमूर्ती झाले. पहिल्या शिफारशीपासून दोन वर्षं उलटून गेली होती.

मला त्या निवेदनाचं मोल फार वाटतं. आक्षेप उजेडात आला म्हणून तो केवढासा आहे हे लोकांना कळलं. बंद पाकिटात राहिला असता तर लोकांनी काय काय कल्पना केल्या असत्या.

चैत्रपालवी

नानांशी बरीचशी सहमत, पण तीच मोजपट्टी सगळ्यांना लावणार का? त्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, मद्रास उच्च न्यायालयावर व्हिक्टोरिया गौरी यांची नेमणूक जाहीर झाली. अल्पसंख्याकांविरुद्ध द्वेषाची वक्तव्यं केली, असा आक्षेप घेत तिथल्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ फेब्रुवारीला सुनावणी आणि शपथविधी एकाच सकाळी झाले. याचिका फेटाळली गेली. न्यायमूर्ती खन्ना आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई यांचं खंडपीठ होतं. गवई म्हणाले की राजकीय पार्श्वभूमी माझीही होती, न्यायाधीश म्हणून ती कधी आड आली नाही. सुंदरेसन यांच्या मतांकडे दुर्लक्ष करा आणि गौरींची मतं मोजा, असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर आहे?

इंद्रायणी

चैत्रपालवी, मोजपट्टी एकच हवी. गौरींनाही त्यांची बाजू मांडायला तेवढीच जागा मिळायला हवी होती. पूर्वीचं राजकारण हे कारण पुरेसं नाही, याबाबत मी गवईंशी सहमत आहे. विल्सन यांच्या निवडणूक प्रचारात ब्रँडाइसही उतरले होतेच.

पण धोरणावर टीका करणं आणि एखाद्या समाजाविरुद्ध बोलल्याचा आक्षेप असणं, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात उद्या त्या समाजाचा पक्षकार समोर उभा राहणार असतो. तेव्हा नेमकं काय बोललं गेलं, कुठल्या संदर्भात, आज त्याबद्दल काय म्हणणं आहे, हे शपथेआधी विचारलं जाणं गौरींच्याही हिताचं होतं. विचारलं गेलं नाही, म्हणून आक्षेपही तसाच राहिला आणि उत्तरही.

कोकणकडा

नाना, सगळं जाहीर करा म्हणणं सोपं आहे. त्या जानेवारीत कॉलेजियमने गुप्तचर यंत्रणांच्या अहवालांतला मजकूर निवेदनांत घातला, तेव्हा कायदामंत्री रिजिजूंनी गंभीर चिंता व्यक्त केली होती. सगळंच उथळ कारण होतं असं मला वाटत नाही. माहिती देणारा उघड होण्याच्या भीतीने पुढच्या वेळी कोण खरं सांगेल? आणि चार महिने उघड सुनावणी म्हटल्यावर सालस माणसं नाव द्यायलाच नकार देतील. ब्रँडाइस श्रीमंत होते, भागीदार दिमतीला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्याकडे कोण मॅक्लेनन असणार?

नाना_वकील

कोकणकडा, शेवटचा मुद्दा मला लागला. खरं आहे. जिल्ह्यातल्या वकिलाचं नाव वर गेलं आणि कुणी निनावी पत्र टाकलं तर त्याला कळतसुद्धा नाही. काही महिन्यांनी नाव मागे पडल्याची कुजबुज येते आणि बाररूममध्ये लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. असं झालेला एक माणूस मी जवळून पाहिलाय. त्याला अखेरपर्यंत आरोप काय होता ते कळलं नाही.

म्हणून मी उघड सुनावणीसुद्धा मागत नाही. तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ. आक्षेप लेखी असावा आणि घेणाऱ्याचं नाव निदान कॉलेजियमला माहीत असावं. ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला त्यातला मजकूर कळवावा, माहिती देणाऱ्याचं नाव झाकून. आणि त्याचं उत्तर त्याच फाइलला जोडलं जावं. खात्यातल्या कारकुनाला नोटीस दिल्याशिवाय साधी वेतनवाढ रोखता येत नाही, मग न्यायाधीश होऊ घातलेल्याचं नाव त्याला न विचारता कसं बाद होतं?

चैत्रपालवी

+१. यात गुप्तचर माहितीला कुठे धक्का लागतो? मजकूर कळवायचा आहे, खबऱ्या नाही.

इंद्रायणी, गोष्ट अर्धी राहिली. मतदान कसं झालं? आणि विल्सन स्वतः काही बोलले की नाही?

इंद्रायणी

बोलले, आणि बरोबर वेळ साधून बोलले. सगळ्या साक्षी झाल्यावर, मे महिन्यात, न्यायविषयक समितीचे अध्यक्ष कल्बर्सन यांना त्यांनी लांब पत्र लिहिलं. हे आरोप मी तीन वर्षांपूर्वीच तपासले होते, ब्रँडाइस यांना मंत्रिमंडळात घ्यायचं होतं तेव्हा. ते आले बहुतेक अशा लोकांकडून, ज्यांच्या उपयोगी पडायला त्यांनी नकार दिला होता. हे सुरुवातीलाच लिहिलं असतं तर अध्यक्ष आपल्या माणसाची पाठराखण करतायत असं दिसलं असतं. बाड तयार झाल्यावर लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला पडताळून बघता येत होतं.

विल्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे काही सिनेटरही डळमळीत होते. संपादक नॉर्मन हॅपगुड यांनी त्यातल्या दोघांची, जेम्स रीड आणि होक स्मिथ यांची, ब्रँडाइस यांच्याशी आपल्या घरी अनौपचारिक गाठ घालून दिली. ज्याच्याबद्दल इतकं ऐकलं तो माणूस प्रत्यक्षात वेगळाच निघाला.

उपसमितीत ३ विरुद्ध २, समितीत २४ मे रोजी १० विरुद्ध ८, दोन्हीकडे मतं पक्षाप्रमाणे. १ जूनला सिनेटमध्ये ४७ विरुद्ध २२. रिपब्लिकनांपैकी ला फॉलेट, नॉरिस आणि पॉइंडेक्स्टर यांनी बाजूने मत दिलं, डेमोक्रॅटांतून एकट्या न्यूलँड्स यांनी विरोधात. उपसमितीतले मोंटानाचे सिनेटर वॉल्श यांनी अहवालात लिहिलं त्याचा मथितार्थ असा की या माणसाचा खरा गुन्हा एवढाच, तो संपत्तीच्या दबदब्यापुढे वाकला नाही.

ब्रँडाइस १९३९ पर्यंत न्यायमूर्ती होते. १९२१ मध्ये टाफ्ट सरन्यायाधीश होऊन त्याच न्यायालयात आले. दोघांची मतं अनेकदा जुळत नसत, पण त्यांनी सलोख्याने काम केलं. आपल्यालाही त्यांचा लाभ झालाच. १८९० मध्ये भागीदार सॅम्युअल वॉरनसह त्यांनी खासगीपणाच्या हक्कावर लिहिलेला लेख, हा हक्क मूलभूत ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या न्यायमूर्तींनी उद्धृत केला आहे.

नाना_वकील

ताई, मॅक्लेनन यांच्या साक्षीतलं लेनॉक्स प्रकरणाचं जेवढं तुम्ही वाचलंय तेवढं मराठीत टाकाल का? आमच्या बारमधल्या नव्या पोरांना वाचायला द्यायचंय. एका पक्षकाराचं वकीलपत्र घेऊन दुसऱ्याशी परस्पर बोलायचं नाही, हे त्यांना दर सहा महिन्यांनी सांगावं लागतं.

इंद्रायणी

टाकते, नाना. व्हिपल यांची साक्षही सोबत देते, ती आधी वाचायला सांगा.